लिबपीक्यूमधील पूर्वनिर्धारित जोडणी पर्याय

लिबपीक्यू ही पोस्टग्रेस्क्यूएल या मुक्तस्रोत रिलेशनल डेटाबेस प्रणालीची सी भाषेतील क्लायंट लायब्ररी आहे. एखाद्या प्रोग्रॅमला डेटाबेस सर्व्हरशी जोडणी करायची असेल, तर सर्व्हरचा पत्ता, पोर्ट क्रमांक, डेटाबेसचे नाव, वापरकर्त्याचे नाव, कूटबद्धतेची पातळी इत्यादी बाबी निश्चित असाव्या लागतात. यांपैकी ज्या बाबी जोडणी करणाऱ्याने स्पष्टपणे सांगितलेल्या नसतात, त्यांची मूल्ये लिबपीक्यू स्वतः ठरवते. या मूल्यांना पूर्वनिर्धारित जोडणी पर्याय असे म्हणतात. पर्यावरण-चल, सेवा फाइल आणि पासवर्ड फाइल यांच्या साहाय्याने ते वापरकर्त्याला बदलता येतात. काहीही न सांगता केलेली जोडणीसुद्धा एका ठरावीक सर्व्हरवरील ठरावीक डेटाबेसशी ठरावीक नावानेच होते. त्यामुळे कोणते मूल्य कोठून आले हे ओळखता येणे, हा डेटाबेस सुरक्षितपणे हाताळण्याचा एक आवश्यक भाग आहे.

प्राचलांची, पर्यावरण-चलांची व फाइलींची मुळातील रोमन नावे या लेखात उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष वापरात ती रोमन लिपीतच लिहावी लागतात.

पार्श्वभूमी

पोस्टग्रेस्क्यूएलचा उगम अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील पोस्टग्रेस प्रकल्पात आहे. हा प्रकल्प मायकेल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखाली १९८६ मध्ये सुरू झाला. मूळ पोस्टग्रेसची प्रश्नभाषा पोस्टक्वेल ही होती. १९९४ मध्ये अँड्र्यू यू आणि जॉली चेन यांनी तिच्या जागी एसक्यूएल भाषा आणली व ही आवृत्ती पोस्टग्रेस९५ या नावाने प्रसिद्ध झाली. १९९६ मध्ये प्रणालीला पोस्टग्रेस्क्यूएल हे आजचे नाव मिळाले. लिबपीक्यू या नावातील 'पीक्यू' ही अक्षरे मात्र पोस्टक्वेलवरूनच आलेली आहेत. भाषा मागे पडली तरी लायब्ररीचे नाव टिकून राहिले.

पीएसक्यूएल हा आज्ञा-ओळीवरील क्लायंट, बॅकअप घेणारा पीजी-डंप, नवा डेटाबेस निर्माण करणारा क्रिएट-डीबी हे सर्व प्रोग्रॅम लिबपीक्यूवर आधारलेले आहेत. पायथनमधील सायकोपीजी, पर्लमधील डीबीडी-पीजी, रुबीमधील पीजी तसेच पीएचपीमधील पोस्टग्रेस्क्यूएल विस्तार हेही आतून हीच लायब्ररी वापरतात. परिणामी एका ठिकाणी बदललेले पूर्वनिर्धारित मूल्य एकाच वेळी अनेक प्रोग्रॅमना लागू होऊ शकते. याउलट जावासाठीचा जेडीबीसी चालक आणि डॉटनेटसाठीचा एनपीजीएसक्यूएल यांनी सर्व्हरशी संवादाचा शिष्टाचार स्वतंत्रपणे लिहिलेला आहे. म्हणून लिबपीक्यूचे सर्व नियम त्यांना जसेच्या तसे लागू होतील असे गृहीत धरता येत नाही.

अंगभूत मूल्ये

वापरकर्त्याने कोठेही काहीही लिहिलेले नसेल, तर लायब्ररीत बांधणीच्या वेळीच ठेवलेली मूल्ये वापरली जातात. त्यांतील प्रमुख मूल्ये पुढीलप्रमाणे आहेत:

• होस्ट: लिनक्स व तत्सम प्रणालींवर जोडणी नेटवर्कवरून न होता त्याच संगणकावरील युनिक्स सॉकेटमार्फत होते. मूळ बांधणीत हे सॉकेट 'टीएमपी' डिरेक्टरीत अपेक्षित असते. डेबियनसारख्या वितरणांमध्ये त्यासाठी वेगळी डिरेक्टरी निश्चित केलेली असते. विंडोजवर लोकलहोस्ट हे मूल्य घेतले जाते.
• पोर्ट: ५४३२.
• वापरकर्ता: प्रोग्रॅम चालवणाऱ्या व्यक्तीचे संचालन प्रणालीतील नाव.
• डेटाबेस: वापरकर्त्याचे जे नाव ठरले असेल तेच नाव.
• जोडणीची कालमर्यादा: मर्यादा नाही. उत्तर येईपर्यंत प्रोग्रॅम थांबून राहतो.
• कूटबद्धता: 'प्रिफर', म्हणजे शक्य असल्यास कूटबद्ध, अन्यथा साधी जोडणी.

नवशिक्या वापरकर्त्याला पीएसक्यूएल प्रथमच चालवताना, स्वतःच्याच नावाचा डेटाबेस अस्तित्वात नाही, अशी त्रुटी अनेकदा दिसते. तिचे कारण वरील यादीत आहे. डेटाबेसचे नाव सांगितलेले नसते, म्हणून ते वापरकर्त्याच्या नावावरून घेतले जाते. वापरकर्त्याचे नाव बदलून दिले, तर अपेक्षित डेटाबेसचे नावही त्याबरोबर बदलते.

मूल्यांचे स्रोत

जोडणी-मजकूर

जोडणी करताना प्रत्यक्ष दिलेली माहिती दोन रूपांत लिहिता येते. पहिल्या रूपात प्राचलाचे नाव, बरोबरचे चिन्ह व मूल्य अशा जोड्या एकापुढे एक लिहितात. दुसरे रूप संकेतस्थळाच्या पत्त्यासारखे असते. ते २०१२ च्या ९.२ या आवृत्तीपासून उपलब्ध आहे. पीएसक्यूएलच्या आज्ञेत होस्ट, पोर्ट, वापरकर्ता व डेटाबेस यांसाठी असलेले छोटे पर्यायही याच वर्गात मोडतात.

पर्यावरण-चल

पर्यावरण-चल म्हणजे संचालन प्रणालीने प्रत्येक चालू प्रोग्रॅमसोबत दिलेली नाव व मूल्य यांची जोडी. लिबपीक्यू 'पीजी' या अक्षरांनी सुरू होणारे अनेक चल वाचते. पीजीहोस्ट, पीजीपोर्ट, पीजीडेटाबेस आणि पीजीयूजर हे अनुक्रमे सर्व्हर, पोर्ट, डेटाबेस व वापरकर्ता ठरवतात. पीजीएसएसएलमोड हा कूटबद्धतेची पातळी आणि पीजीकनेक्ट_टाइमआउट हा सेकंदांतील कालमर्यादा ठरवतो. पीजीऑप्शन्समधून सर्व्हरवरील सत्रासाठीच्या मांडण्या पाठवता येतात.

पासवर्डसाठी पीजीपासवर्ड हा चलही उपलब्ध आहे. परंतु काही संचालन प्रणालींवर एका वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमचे पर्यावरण-चल दुसऱ्या सामान्य वापरकर्त्यालाही पाहता येतात. त्यामुळे पोस्टग्रेस्क्यूएलच्या अधिकृत दस्तऐवजात या चलाऐवजी पासवर्ड फाइलची शिफारस केलेली आहे.

सेवा फाइल

अनेक सर्व्हरांशी नित्य संबंध येत असल्यास प्रत्येकाची माहिती वारंवार लिहिण्याऐवजी ती एका नावाखाली एकत्र ठेवता येते. या संचाला सेवा असे म्हणतात. वापरकर्त्याची सेवा फाइल त्याच्या होम डिरेक्टरीत 'डॉट पीजी_सर्व्हिस डॉट कॉन्फ' या नावाने असते. संपूर्ण संगणकासाठी समाईक अशी दुसरी फाइलही ठेवता येते. दोन्हींमध्ये एकाच नावाची सेवा असल्यास वापरकर्त्याची फाइल मानली जाते. चौकटी कंसात सेवेचे नाव व त्याखाली प्रत्येक ओळीवर एक प्राचल, अशी तिची रचना असते:

[चाचणी]
होस्ट=चाचणी-सर्व्हर
पोर्ट=५४३३
डीबीनेम=ग्रंथालय_चाचणी
यूजर=नोंदणी

यानंतर जोडणी-मजकुरात 'सर्व्हिस' या प्राचलाने किंवा पीजीसर्व्हिस या पर्यावरण-चलाने केवळ 'चाचणी' एवढे नाव दिले तरी वरील चारही मूल्ये लागू होतात.

अग्रक्रम

एकाच प्राचलासाठी एकाहून अधिक ठिकाणी मूल्य लिहिलेले असू शकते. अशा वेळी लिबपीक्यू पुढील क्रम पाळते:

१. जोडणी-मजकुरात अथवा आज्ञेत स्पष्टपणे दिलेले मूल्य
२. सेवा फाइलमधील मूल्य
३. पर्यावरण-चलातील मूल्य
४. लायब्ररीतील अंगभूत मूल्य

या क्रमाविषयी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. पहिली अशी की, सेवा फाइल पर्यावरण-चलापेक्षा वरचढ ठरते. हा नियम सेवेचे नाव पर्यावरण-चलातून आलेले असतानाही बदलत नाही. समजा, एखाद्या ग्रंथालयाच्या संगणकावर पीजीसर्व्हिस या चलात प्रत्यक्ष कामकाजाच्या सेवेचे नाव कायमचे नोंदवलेले आहे आणि त्या सेवेत डेटाबेसचे नावही लिहिलेले आहे. तेथील कर्मचाऱ्याने जुन्या नोंदी पुसण्याच्या आज्ञांची फाइल आधी चाचणीच्या डेटाबेसवर चालवून पाहण्यासाठी पीजीडेटाबेस या चलात चाचणीच्या डेटाबेसचे नाव ठेवले, तर ते मूल्य वाचलेच जात नाही. जोडणी प्रत्यक्ष कामकाजाच्या डेटाबेसशी होते, कोणतीही त्रुटी दिसत नाही आणि आज्ञा तेथे अमलात येतात. डेटाबेसचे नाव आज्ञेतच स्पष्टपणे दिले असते, तर ते सेवा फाइलमधील नावापेक्षा वरचढ ठरले असते.

दुसरी गोष्ट अशी की, प्रत्येक प्राचलाचा निर्णय स्वतंत्रपणे होतो. एखादा स्रोत निवडला म्हणजे त्यातील सर्व मूल्ये एकत्र घेतली जातात, असे नाही. आज्ञेत केवळ नवा होस्ट दिला, तर पोर्ट सेवा फाइलमधून, वापरकर्ता पर्यावरण-चलातून आणि कूटबद्धतेची पातळी अंगभूत मूल्यातून येऊ शकते. अशी मिश्र जोडणी कोणत्याही एका फाइलमध्ये लिहिलेली नसल्याने तिचा उगम शोधणे अवघड जाते. याच कारणाने वरील उदाहरणात केवळ डेटाबेसचे नाव बदलणेही पुरेसे ठरेलच असे नाही. चाचणीचा डेटाबेस वेगळ्या सर्व्हरवर असल्यास होस्ट व पोर्टही बदलावे लागतात, आणि त्यासाठी चाचणीची स्वतंत्र सेवा वापरणे अधिक सोयीचे ठरते.

पासवर्ड फाइल

पासवर्ड फाइल होम डिरेक्टरीत 'डॉट पीजीपास' या नावाने असते. विंडोजवर ती वापरकर्त्याच्या अ‍ॅपडेटा डिरेक्टरीत ठेवली जाते. २०१७ च्या १० या आवृत्तीपासून तिचे स्थान 'पासफाइल' या प्राचलानेही सांगता येते. पर्यावरण-चल म्हणून पीजीपासफाइल वापरतात. प्रत्येक ओळीत होस्ट, पोर्ट, डेटाबेस, वापरकर्ता व पासवर्ड ही पाच क्षेत्रे विसर्गचिन्हासारख्या दिसणाऱ्या अपूर्णविरामाने विभागलेली असतात. पहिल्या चार क्षेत्रांत तारांकन केल्यास ते क्षेत्र कोणत्याही मूल्याशी जुळते.

फाइल वरून खाली वाचली जाते व जुळणारी पहिली ओळ वापरली जाते. त्यामुळे विशिष्ट नोंदी वर आणि तारांकित सर्वसाधारण नोंदी खाली ठेवणे आवश्यक आहे. होस्टची तुलना लिहिलेल्या मजकुरावरून होते. फाइलमध्ये सर्व्हरचे नाव असेल आणि जोडणीच्या होस्टमध्ये त्याच सर्व्हरचा आयपी पत्ता दिलेला असेल, तर ती ओळ जुळत नाही.

लिनक्स व तत्सम प्रणालींवर ही फाइल केवळ तिच्या मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी असावी लागते. अंकांत ही परवानगी ०६०० अशी लिहितात. गटाला किंवा इतरांना प्रवेश दिलेला असल्यास लिबपीक्यू इशारा देऊन फाइल दुर्लक्षित करते. विंडोजवर अशी तपासणी होत नाही. जोडणी-मजकुरात किंवा पीजीपासवर्ड चलात पासवर्ड दिलेला असेल, तर पासवर्ड फाइल पाहिली जात नाही.

कूटबद्धता

नेटवर्कवरून होणाऱ्या जोडणीची सुरक्षितता 'एसएसएलमोड' या प्राचलावर अवलंबून असते. त्याची सहा मूल्ये आहेत:

• डिसेबल: कूटबद्धता वापरू नये.
• अलाउ: आधी साधी जोडणी करून पाहावी, ती न झाल्यास कूटबद्ध जोडणी करावी.
• प्रिफर: आधी कूटबद्ध जोडणी करून पाहावी, ती न झाल्यास साधी जोडणी करावी.
• रिक्वायर: कूटबद्ध जोडणीच करावी.
• व्हेरिफाय-सीए: शिवाय सर्व्हरचे प्रमाणपत्र विश्वासार्ह प्राधिकरणाने दिलेले आहे याची खातरजमा करावी.
• व्हेरिफाय-फुल: शिवाय प्रमाणपत्रातील नाव व जोडणीतील होस्टचे नाव एकच आहे याची खातरजमा करावी.

अंगभूत मूल्य 'प्रिफर' असल्याने कूटबद्ध जोडणी शक्य न झाल्यास प्रोग्रॅम वापरकर्त्याला न विचारता साध्या जोडणीकडे वळतो. अशा वेळी प्रश्न व उत्तरे नेटवर्कवरून उघड्या रूपात जातात. जोडणीत अडथळा आणू शकणाऱ्या हल्लेखोरापासून 'प्रिफर' संरक्षण देत नाही. पोस्टग्रेस्क्यूएलच्या दस्तऐवजातही हे मूल्य केवळ जुन्या प्रोग्रॅमशी सुसंगती राखण्यासाठी ठेवलेले असून सुरक्षित व्यवस्थेत त्याची शिफारस नाही, असे स्पष्ट केलेले आहे. 'रिक्वायर' हे मूल्य संवाद कूटबद्ध करते. परंतु प्राधिकरणाचे मूळ प्रमाणपत्र क्लायंटकडे ठेवलेले नसेल, तर समोरचा सर्व्हर खरा आहे की बनावट, हे ते तपासत नाही. ही तपासणी पूर्णतः व्हावयाची असल्यास 'व्हेरिफाय-फुल' वापरावे लागते.

२०२३ च्या १६ या आवृत्तीत मूळ प्रमाणपत्राच्या प्राचलासाठी 'सिस्टिम' हे मूल्य आले. ते दिल्यास संगणकाच्या संचालन प्रणालीतील विश्वासार्ह प्रमाणपत्रांचा संच वापरला जातो आणि 'व्हेरिफाय-फुल' ही पातळी आपोआप लागू होते. त्याहून कमकुवत पातळी मागितल्यास त्रुटी येते. युनिक्स सॉकेटवरील जोडणीला एसएसएलमोड लागू होत नाही, कारण ती संगणकाबाहेर जात नाही.

अक्षरसंकेतन

'क्लायंट_एन्कोडिंग' हे प्राचल क्लायंटकडील मजकूर कोणत्या अक्षरसंकेतनात आहे हे सर्व्हरला कळवते. ते न दिल्यास सामान्यतः डेटाबेसचे स्वतःचे संकेतन गृहीत धरले जाते. 'ऑटो' हे मूल्य दिल्यास लिबपीक्यू संचालन प्रणालीतील भाषाविषयक मांडणीवरून संकेतन ठरवते. पीएसक्यूएलचे आदान व प्रदान दोन्ही टर्मिनलशी जोडलेले असतील, तर तो स्वतःच 'ऑटो' वापरतो. म्हणून तोच प्रोग्रॅम हाताने चालवला असता आणि फाइलमधून माहिती पुरवून चालवला असता वेगवेगळे संकेतन घेऊ शकतो.

मराठीसारख्या देवनागरी लिपीतील भाषांच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. यूटीएफ-८ मध्ये 'म' हे अक्षर ३ बाइटांत साठवले जाते. यूटीएफ-८ डेटाबेसमधील मराठी मजकूर लॅटिन-१ संकेतनात मागितल्यास त्या संकेतनात देवनागरी अक्षरेच नसल्याने त्रुटी येते व चूक ध्यानात येते. लिहिताना झालेली चूक मात्र लपून राहते. मजकूर यूटीएफ-८ मध्ये असताना क्लायंटने तो लॅटिन-१ असल्याचे कळवले, तर सर्व्हर प्रत्येक बाइट हे एक स्वतंत्र अक्षर समजतो. 'म'च्या जागी तीन निरर्थक चिन्हे साठवली जातात आणि कोणतीही त्रुटी दिसत नाही. माहिती मोठ्या प्रमाणावर भरण्यापूर्वी हे प्राचल स्पष्टपणे यूटीएफ-८ ठेवल्यास हा धोका टळतो.

स्वयंचलित कामांमधील अडचणी

टर्मिनलवर यशस्वी होणारी आज्ञा ठरलेल्या वेळी आपोआप चालवली असता अपयशी ठरते, असा अनुभव सामान्य आहे. क्रॉनसारखी सेवा प्रोग्रॅमला मोजकेच पर्यावरण-चल देते. वापरकर्त्याच्या शेलच्या आरंभ-फाइलमध्ये नोंदवलेले पीजीहोस्ट किंवा पीजीसर्व्हिस तिच्यापर्यंत पोहोचत नाहीत. शिवाय काम दुसऱ्या वापरकर्त्याच्या नावाने चालत असल्यास होम डिरेक्टरी बदलते आणि तिच्यासोबत सेवा फाइल व पासवर्ड फाइलही बदलते.

कालमर्यादेच्या अंगभूत मूल्याचा परिणामही येथे जाणवतो. सर्व्हरकडून कोणतेच उत्तर न आल्यास लिबपीक्यू स्वतःहून जोडणीचा प्रयत्न सोडत नाही. रात्रीचा बॅकअप घेणारा प्रोग्रॅम अशा वेळी त्रुटी न नोंदवता दीर्घकाळ अडकून पडू शकतो. कालमर्यादा स्पष्टपणे दिल्यास ती प्रत्येक होस्ट वा पत्त्याला स्वतंत्रपणे लागू होते. पासवर्ड विचारण्यासाठी कोणी समोर नसेल, तर पीएसक्यूएल व पीजी-डंप यांना तो कधीही न विचारण्याचा पर्याय देता येतो. पासवर्ड न सापडल्यास प्रोग्रॅम थांबून न राहता त्रुटी देतो.

जोडणीची पडताळणी

पीएसक्यूएलमधील 'कॉनइन्फो' ही आज्ञा चालू जोडणीतील डेटाबेस, वापरकर्ता, होस्ट व पोर्ट दाखवते. एसएसएलविषयीची माहिती सर्व्हरवरील 'पीजी_स्टॅट_एसएसएल' या दृश्यातूनही मिळते. सी भाषेतील प्रोग्रॅमना लागू असलेली पूर्वनिर्धारित मूल्ये 'पीक्यूकॉनडिफॉल्ट्स' या फलनाने, तर प्रत्यक्ष जोडणीत वापरलेली मूल्ये 'पीक्यूकॉनइन्फो' या फलनाने मिळवता येतात.

पीएसक्यूएलच्या मूळ सूचक-ओळीत डेटाबेसचे नाव दिसते, परंतु होस्टचे नाव दिसत नाही. चाचणीच्या आणि प्रत्यक्ष कामाच्या सर्व्हरवर एकाच नावाचे डेटाबेस असतील, तर केवळ सूचक-ओळ पाहून त्यांतील भेद कळत नाही. त्यासाठी पीएसक्यूएलच्या आरंभ-फाइलमध्ये सूचक-ओळ बदलून होस्टचे व वापरकर्त्याचे नाव त्यात समाविष्ट करता येते. ही आरंभ-फाइल जोडणी झाल्यानंतर वाचली जाते. त्यामुळे त्या पहिल्या जोडणीचे पर्याय ठरवण्यासाठी तिचा उपयोग होत नाही.

इतर प्रणालींशी तुलना

मायएसक्यूएलमध्ये जोडणीची पूर्वनिर्धारित मूल्ये प्रामुख्याने पर्याय-फाइलींत ठेवली जातात. 'क्लायंट' या शीर्षकाखालील मूल्ये सर्व क्लायंट प्रोग्रॅमना लागू होतात. तेथे आधी पर्यावरण-चल, मग पर्याय-फाइली आणि शेवटी आज्ञेतील पर्याय वाचले जातात व नंतर वाचलेले मूल्य आधीच्यावर मात करते. म्हणजे फाइल पर्यावरण-चलापेक्षा वरचढ, हे तत्त्व दोन्हीकडे समान आहे. मायएसक्यूएलचा मूळ पोर्ट ३३०६ आहे. लिनक्सवर मायएसक्यूएलच्या क्लायंटला लोकलहोस्ट हे नाव दिल्यास जोडणी युनिक्स सॉकेटमार्फत होते. लिबपीक्यूमध्ये मात्र हे नाव स्पष्टपणे दिल्यास ती नेटवर्क शिष्टाचारानेच होते.

ओडीबीसी या प्रमाणित पद्धतीत डेटा स्रोताचे नाव ही संकल्पना वापरली जाते. एका नावाखाली चालक, सर्व्हर व डेटाबेस यांची माहिती साठवली जाते. लिबपीक्यूची सेवा फाइल या कल्पनेशी मिळतीजुळती आहे.

क्लायंटकडील पूर्वनिर्धारित पर्याय आणि सर्व्हरवरील पूर्वनिर्धारित मांडण्या या मात्र भिन्न गोष्टी आहेत. पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये एखाद्या वापरकर्त्यासाठी किंवा डेटाबेससाठी सत्राच्या मांडण्या सर्व्हरवरच नोंदवता येतात व त्या कोणत्याही क्लायंटमधून जोडणी केली तरी लागू होतात. त्याच मांडणीचे मूल्य क्लायंटने जोडणीच्या वेळी पीजीऑप्शन्समधून पाठवले, तर त्या सत्रापुरते क्लायंटचे मूल्य ग्राह्य धरले जाते. त्यामुळे सर्व्हरवर नोंदवलेले मूल्य एखाद्या सत्रात लागू होत नसेल, तर क्लायंटकडील पर्यावरण-चल आणि सेवा फाइल यांचीही तपासणी करावी लागते.